लहान इंजिनासाठी घरचा टेस्ट स्टँड

मॉडेल विमानाचं नवं इंजिन हातात आलं की ते विमानाच्या नाकावर चढवायची घाई होते. ती घाई आवरा. नव्या इंजिनाची पहिली अर्धा-पाऊण तासाची चाल विमानावर काढली, तर सायलेन्सरमधून उडणारं इंधनातलं एरंडेल बाल्साच्या लाकडात मुरतं, कव्हरिंग सुटायला लागतं, रिसीव्हर आणि सर्व्हो विनाकारण हादरे खातात. शिवाय इंजिन बंद पडलं की दोष इंजिनाचा, टाकीचा, नळीचा की नाकाच्या आतल्या अपुऱ्या वाऱ्याचा, हे काही केल्या कळत नाही. स्टँडवर यातली प्रत्येक गोष्ट उघड्यावर असते आणि एकेक करून तपासता येते. माळ्यावर पडलेलं जुनं, एरंडेल सुकून जाम झालेलं इंजिन जिवंत करायचं असेल, तर स्टँडला पर्यायच नाही.

हा लेख ग्लो प्लगवर चालणाऱ्या टू-स्ट्रोक इंजिनांसाठी आहे. ही इंजिनं अजून घनइंचांच्या आकड्याने ओळखली जातात. पंधरा म्हणजे ०.१५ घनइंच, सुमारे २.५ सीसी; चाळीस म्हणजे ६.५ सीसी, सेहेचाळीस म्हणजे ७.५ सीसी; साठ म्हणजे जवळपास १० सीसी. आपल्याकडे एनसीसीच्या एअर विंगमध्ये ज्यांनी एरोमॉडेलिंग केलं, त्यांचा हात बहुधा पंधराच्या आसपासच्या इंजिनावर बसलेला असतो. त्यातही कोलकात्याचं ऑरोरा अनेकांच्या आठवणीत असेल. रेडिओ कंट्रोलची विमानं उडवणाऱ्यांकडे जपानी ओएस किंवा एन्याचं चाळीस-सेहेचाळीस हमखास सापडतं. खाली सांगितलेला स्टँड साठपर्यंतच्या इंजिनाला पुरेल. पेट्रोलच्या मोठ्या इंजिनांची बैठक, इग्निशन आणि नळ्या सगळंच वेगळं असतं, त्यासाठी हा वापरू नका.

स्टँडला नेमकं काय सोसायचं असतं ते आधी समजून घ्या, म्हणजे कुठे खर्च करायचा आणि कुठे नाही हे आपोआप ठरेल. चाळीसचं इंजिन जागेवर उभं राहून साधारण दोन किलोच्या आसपास ओढ देतं. दोन किलो म्हणजे काहीच नाही, चार स्क्रू ती ओढ धरून ठेवतील. पिळाचा जोरही अगदी कमी. पण पिस्टनकडे बघा. स्ट्रोक सुमारे १९ मिलिमीटर आणि वेग मिनिटाला १२,००० फेरे धरला, तर स्ट्रोकच्या टोकाला पिस्टनचं त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे दीड हजार पट होतं. पिस्टन आणि त्याच्यासोबत वरखाली होणारा भाग मिळून आठ ग्रॅम धरले, तरी बारा किलोचा धक्का होतो, आणि तो सेकंदाला २०० वेळा वर आणि तितक्याच वेळा खाली बसतो. क्रँकवरचं प्रतिवजन त्यातला काही भाग मारतं, सगळा नाही. म्हणजे स्टँडचं खरं भांडण ओढीशी नसून थरथरीशी आहे. थरथर वाढली की बोल्ट सैल होतात, टाकीतल्या इंधनाला फेस येतो, फेसातले बुडबुडे कार्बोरेटरमध्ये जातात, मिश्रण पातळ पडतं आणि नवं इंजिन तापून खराब होतं. बाजारात मिळणारे हलके प्लॅस्टिकचे स्टँड मला म्हणूनच पटत नाहीत. घरी केलेला जड, बोजड लाकडी स्टँड दसपट बरा.

बैठक

तळाला १८ मिलिमीटर जाडीचा चांगला प्लाय घ्या, साधारण ६०० बाय २०० मिलिमीटर. कमर्शियल प्लाय लवकर फुगतो, मरीन प्लायचा तुकडा सुताराकडे उरलेल्यात मिळून जातो. त्यावर लांबीच्या दिशेने सागवानाच्या दोन पट्ट्या बसवायच्या, प्रत्येकी २५ बाय ४० मिलिमीटरची आणि ३०० मिलिमीटर लांब. ४० ची बाजू उभी ठेवायची. या दोन पट्ट्यांच्या मधल्या फटीत क्रँककेस उतरतं आणि इंजिनाचे दोन्ही कान पट्ट्यांवर टेकतात. सागवान न मिळालं तर शिसम चालेल. देवदार मऊ पडतं, बोल्ट आवळला की कान त्यात रुततात आणि चार वेळा चालवून झाल्यावर आवळलेलं सैल झालेलं असतं.

दोन्ही पट्ट्यांची पुढची टोकं तळाच्या प्लायच्या पुढच्या कडेशी बरोबर जुळवा आणि इंजिन अगदी टोकाला बसवा. असं केलं की प्रॉपेलर लाकडाच्या पुढे फिरतो. तळपट्टी टेबलाला धरताना टेबलाच्या कडेपासून ती किमान १०० मिलिमीटर बाहेर काढायची, म्हणजे खाली येणारं पातं टेबलालाही लागत नाही. अकरा इंची प्रॉपेलरचं पातं शाफ्टपासून १४० मिलिमीटर खाली जातं; पट्टी आणि प्लायची उंची त्याला पुरत नाही, हे विसरू नका.

वेगवेगळी इंजिनं बसवायची असतील तर एक पट्टी कायमची ठोका आणि दुसरी सरकती ठेवा. सरकत्या पट्टीखाली प्लायमध्ये आडव्या दोन खाचा पाडायच्या आणि एम-६ चे बोल्ट खालून वर घ्यायचे. हाताने आवळायचे पंखवाले नट इथे नकोत, थरथरीने ते उलगडतात. षटकोनी नट, खाली स्प्रिंग वॉशर, आणि पान्याने आवळणं. फट किती ठेवायची ते आकडे पाठ करून ठरवू नका. क्रँककेसची रुंदी व्हर्नियरने मोजा आणि दोन्ही बाजूंना एकेक मिलिमीटर मोकळा सोडा.

आता या सगळ्या कामातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. दोन्ही पट्ट्यांचे माथे एकाच पातळीत असले पाहिजेत. पट्ट्यांवर जाड काचेचा तुकडा ठेवा आणि एकेक कोपरा बोटाने दाबून बघा. काच किंचितही डुगडुगली तर कुठली तरी पट्टी उंच किंवा पिळलेली आहे. रंधा न मारता सपाट ठोकळ्याला पॉलिश पेपर लावून दोन्ही माथे एकदम घासा. काच चारही कोपऱ्यांत गप्प बसली की थांबा. इंजिनाचे कान ॲल्युमिनियमचे असतात. पट्ट्या वाकड्या असतील आणि तुम्ही बोल्ट जोर लावून आवळलेत, तर लाकूड हार मानत नाही, क्रँककेस पिळलं जातं. मग बेअरिंगं एका रेषेत राहत नाहीत आणि पिस्टन एका बाजूने घासत चालतो.

याची परीक्षा हाताला कळते. ग्लो प्लग काढून ठेवा. बोल्ट अर्धवट आवळलेले असताना प्रॉपेलर हाताने हळू फिरवा आणि तो किती सहज फिरतो ते लक्षात ठेवा. मग चारही बोल्ट आलटूनपालटून, तिरक्या जोडीने, पूर्ण आवळा आणि पुन्हा फिरवा. कुठेही जड लागलं, फेरीत एखाद्या ठिकाणी अडल्यासारखं वाटलं, तर इंजिन पिळलं गेलंय. तसं चालवू नका. शीतपेयाच्या ॲल्युमिनियम कॅनची पट्टी कापून ज्या कानाखाली फट आहे तिथे सरकवा आणि पुन्हा परीक्षा घ्या. मी हे काम कधीही घाईत उरकत नाही. पुढे जे काही मोजायचं ते सगळं या चार बोल्टांवर उभं असतं.

चाळीसच्या इंजिनाला एम-४ चे, पंधराला एम-३ चे बोल्ट बसतात. नट नायलॉनची कडी असलेले घ्या. तेही बरेचदा काढघाल केल्यावर सैल पडतात, तेव्हा बदला. भोकं गुण्या लावून सरळ पाडा, तिरकं भोक पडलं की बोल्टाचं डोकं एका कडेवर बसतं. शेवटी सगळ्या लाकडाला, भोकांच्या आतल्या बाजूलाही, पातळ इपॉक्सीचा हात द्या. साध्या ऑइल पेंटला ग्लो इंधन खाऊन टाकतं, आणि उघड्या लाकडात एरंडेल मुरलं की ते पुन्हा कधीच बाहेर निघत नाही.

स्टँड ठेवायचा कशावर? हलकं फोल्डिंग टेबल नको. घरात शिलाई मशीनचा जुना बिडाचा स्टँड पडून असेल, तर त्याच्याइतकी चांगली बैठक विकत मिळणार नाही. उंची बेताची, वजन भरपूर. वरच्या चौकटीला जाड फळी बोल्टने जखडा, त्यावर आपला स्टँड दोन जी-क्लॅम्पने आणि शिवाय दोन आरपार बोल्टने धरा आणि पायडलवर वाळूचं पोतं ठेवा. नुसत्या क्लॅम्पवर विसंबू नका, थरथरीत तोही उलगडतो. सायकलच्या ब्रेकची पोलादी तार इंजिनाच्या मागच्या बाजूने घालून तळपट्टीला बांधून ठेवा. कान तुटला किंवा बोल्ट निसटला, तर इंजिन उडून जाणार नाही.

सगळं मागून

इंजिन चालू असताना ज्या ज्या गोष्टीला हात लावावा लागेल, ती प्रॉपेलरच्या मागून हाताला येईल अशीच बसवा. स्टँडच्या मांडणीचा मी मानलेला हा एकच नियम.

टाकी पट्ट्यांच्या मागे, इंजिनापासून फार लांब नको. टाकीतल्या इंधनाची मधली पातळी नीडल व्हॉल्व्हच्या पातळीला किंवा तिच्याखाली पाच-दहा मिलिमीटर असावी. टाकी वर राहिली तर इंजिन बंद असताना इंधन आपोआप कार्बोरेटरमध्ये उतरतं आणि क्रँककेस भरून जातं. फार खाली राहिली तर शेवटच्या थेंबांपर्यंत इंजिन एकसारखं चालत नाही. टाकीखाली आणि भोवती मऊ स्पंज घाला आणि रबरबँडने बांधा, लाकडाला घट्ट आवळू नका. फेस टाळायचा हा सोपा उपाय आहे. नळी सिलिकॉनची, मध्ये एक बारीक फिल्टर. दुसरी नळी सायलेन्सरच्या निपलपासून टाकीत, म्हणजे तिथला दाब इंधनाला ढकलत राहतो.

थ्रॉटलसाठी रेडिओ आणि सर्व्हो लागत नाही. सायकलच्या चाकातली तार घ्या, एका टोकाला काटकोनात दोनदा वाकवून ती कार्बोरेटरच्या आर्ममध्ये अडकवा आणि दुसरं टोक पट्टीवरच्या लाकडी दांडीला जोडा. दांडीचा स्क्रू इतपत आवळा की थरथरीने ती आपोआप सरकता कामा नये. नीडल व्हॉल्व्ह काही इंजिनांत प्रॉपेलरला इतका खेटून असतो की फिरवताना बोटं पात्यापासून दोन सेंटिमीटरवर येतात. अशा नीडलला लवचीक तारेचा लांब शेपटा जोडून तो मागे आणा.

सर्जिकल दुकानात मिळणारा छोटा आर्टरी फोर्सेप्स टाकीजवळ टांगून ठेवा. थ्रॉटल अडकला तर नळी फोर्सेप्सने चिमटायची, दोन-चार सेकंदांत इंजिन बंद. चालत्या प्रॉपेलरवर फडकं टाकून इंजिन बंद करायची एक जुनी रीत कोणी सांगितली तर ऐकू नका.

ग्लो प्लग तापवायला दीड व्होल्टच्या आसपासचा दाब आणि दोन-तीन ॲम्पिअर प्रवाह लागतो. १.२ व्होल्टचा जाड निकेल-मेटल-हायड्राइड सेल उत्तम. हल्ली घरोघरी लिथियमचे ३.७ व्होल्टचे सेल असतात. असा सेल थेट जोडला की प्लगची तार क्षणात वितळते. तार प्लॅटिनमची असते आणि प्लॅटिनमच्या सान्निध्यात इंधनातलं मिथेनॉल जळताना ती तापलेली राहते, म्हणून इंजिन सुरू झाल्यावर सेल काढून घेतला तरी ते चालूच राहतं. अमेरिकेतल्या रे आर्डन यांनी १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात हा प्लग बाजारात आणला आणि मॉडेल विमानांवरची कॉइल, कंडेन्सर, बॅटरी ही सगळी ओझी उतरली. क्लिप काढताना हात मागून आणायचा. लांब दांड्याची क्लिप घ्या, किंवा प्लगपासून मागे वायर आणून तिथे स्विच बसवा, मग क्लिप काढायचाच प्रश्न राहत नाही.

जागा आणि जीव

दहा इंची प्रॉपेलर १२,००० फेऱ्यांना फिरतो तेव्हा पात्याच्या टोकाचा वेग सेकंदाला १६० मीटर असतो, ताशी जवळपास ५७५ किलोमीटर. त्या वेगाने तुटलेला तुकडा प्रॉपेलरच्या फिरण्याच्या पातळीत, म्हणजे दोन्ही बाजूंना आणि वर, सुटतो. म्हणून त्या पातळीत कोणी उभं राहायचं नाही, तुम्हीही नाही. सुरू करताना पुढे यावं लागतं तेवढंच. इंजिन लागलं की वळसा घालून मागे जा. स्टँडवरून हात पुढे नेऊन काही करायचं नाही. बघायला आलेली मुलं तुमच्या मागे सहा-सात मीटरवर, आणि त्यांच्यावर लक्ष ठेवायला एक मोठं माणूस. ओढणी, सैल बाह्या, गळ्यातली साखळी, मोकळे केस, लोंबती लेस यांतलं काहीही अंगावर नको. डोळ्यांवर पॉलिकार्बोनेटचा चष्मा हवा, रोजचा नंबरचा पुरत नाही.

प्रॉपेलर प्रत्येक वेळी चालवण्याआधी वाकवून, उजेडासमोर धरून तपासा. पांढुरकी रेघ दिसली, कड चिरलेली दिसली, तर तो दोन तुकडे करून टाकून द्या. अख्खा टाकला तर कोणी तरी उचलून पुन्हा वापरील. इंजिन बोटाने सुरू करू नका. लाकडी दांड्यावर जाड रबरी नळी चढवून त्याने पातं मारा, नाही तर इलेक्ट्रिक स्टार्टर घ्या. स्टार्टर लावण्याआधी प्रॉपेलर हाताने एक फेरी फिरवून बघा. तो मध्येच दगडासारखा थांबला तर सिलिंडरमध्ये इंधन साचलंय. तशात स्टार्टर लावला की कनेक्टिंग रॉड वाकतो. प्लग काढा, त्याच्या भोकावर फडकं धरा, प्रॉपेलर फिरवून इंधन बाहेर जाऊ द्या.

मिथेनॉलची ज्योत दिवसाउजेडी दिसत नाही. हवा थरथरताना दिसली, रंगाला फोड येताना दिसले, की मगच लक्षात येतं की आग लागलीय. मिथेनॉल पाण्यात पूर्ण मिसळतं, म्हणून पाण्याची भरलेली बादली शेजारी हवीच, आणि इंधनाचा कॅन स्टँडपासून लांब सावलीत. तोंडाने नळी ओढून इंधन काढायचा विचारही करू नका. मिथेनॉल पोटात गेलं तर दृष्टी जाते, जीवही जातो, आणि ते कातडीतूनही शरीरात शिरतं. हातमोजे घाला. टाकी भरायला मेडिकलमध्ये मिळणारी ५० मिलीची सिरिंज सोयीची. चाळीसचं इंजिन पूर्ण वेगात मिनिटाला साधारण २५-३० मिली पितं, त्यामुळे किती वेळ चालेल हेही आधीच कळतं. बंद गॅरेजमध्ये किंवा जिन्याखाली इंजिन चालवू नका, धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो.

सोसायटीची गच्ची ही जागा नव्हे. सायलेन्सर लावूनही चाळीसचा आवाज चार इमारतींत घुमतो. गावाबाहेरचं मैदान, शेताचा बांध, कॉलेजच्या वर्कशॉपमागचं अंगण बघा, आणि परवानगी घ्या. जमीन मातीची असेल तर आधी भरपूर सडा टाका. मॉडेलच्या कार्बोरेटरला हवेची गाळणी नसते आणि प्रॉपेलरने उडवलेली धूळ सरळ सिलिंडरमध्ये जाते. फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या दिवसांत सडा अर्ध्या तासाने पुन्हा टाकावा लागतो.

इंधन आणि पहिली चाल

मिथेनॉलच्या विक्रीवर निर्बंध आहेत आणि ते असायलाच हवेत. हॉबीच्या दुकानातून तयार ग्लो इंधनच घ्या. नव्या इंजिनासाठी तेलाचं प्रमाण १८ ते २० टक्के असलेलं आणि त्या तेलात निदान थोडं तरी एरंडेल असलेलं इंधन मी पसंत करतो. कृत्रिम तेल स्वच्छ जळतं हे खरं. पण मिश्रण चुकून पातळ पडलं आणि इंजिन तापलं, तर त्या तापात धातूला चिकटून राहायचं काम एरंडेल जास्त निष्ठेने करतं. औषधाच्या दुकानातली एरंडेलाची बाटली आणून स्वतः मिसळू नका. नायट्रोमिथेन पाच-दहा टक्के पुरे. पावसाळ्यात डबा क्षणभरही उघडा ठेवू नका. मिथेनॉल हवेतली वाफ शोषून घेतं, आणि कोकणात जुलैमध्ये अर्धा रिकामा डबा महिनाभर राहिला तर त्यातल्या इंधनावर इंजिन कुरकुरायला लागतं.

सुरू करण्याआधी नीडल पूर्ण बंद करून कंपनीच्या पत्रकात दिलेले फेरे उघडा. पत्रक नसेल तर अडीच-तीन फेऱ्यांपासून सुरुवात करा. प्रॉपेलर असा बसवा की पिस्टन दाबाला लागताना पातं समोरून बघताना घड्याळातल्या एक-दोनच्या जागी येईल. थ्रॉटल पाव उघडा. कार्बोरेटरचं तोंड अंगठ्याने बंद करून दोन फेऱ्या द्या, नळीतून इंधन कार्बोरेटरपर्यंत आलेलं दिसेल. मग प्लगला सेल जोडा आणि पातं मारा.

पहिल्या चालीत इंजिनाकडून वेग मागायचा नाही, पण इथे इंजिनाची जात बघावी लागते. लोखंडी पिस्टनची जुनी इंजिनं भरपूर इंधनावर, गुरगुरत, थंड ठेवून रुळवतात. एबीसी पद्धतीची, म्हणजे ॲल्युमिनियमचा पिस्टन आणि क्रोम चढवलेली पितळी स्लीव्ह असलेली इंजिनं तशी रुळवली तर उलट झिजतात. त्यांची स्लीव्ह वरच्या टोकाला निमुळती केलेली असते आणि तापून फुलल्यावरच पिस्टनला योग्य जागा देते. थंड असताना वरच्या टोकाला ती इतकी आवळते की नवखा माणूस इंजिन जाम आहे समजून परत करायला निघतो. अशा इंजिनाला लवकर तापू द्यायचं, मिश्रण जरासं जाड ठेवून टू-स्ट्रोकच्या सुरात आणायचं, दोन-तीन मिनिटं चालवायचं आणि मग हात लावता येईल इतकं पूर्ण थंड होऊ द्यायचं. अशा चाली एकामागून एक. तापणं आणि थंड होणं या फेऱ्यांनीच धातू बसतो, सलग तासभर पिटून नव्हे.

मिश्रण ओळखायला कान तयार करा. जाड मिश्रणावर इंजिन एक फेरा आड पेटतं, आवाज भरदार आणि खालच्या सुरात येतो, धूर दाट. नीडल आत घेत गेलात की सूर एकदम वर उडी मारतो आणि सलग होतो. त्या उंबरठ्याच्या जरा पलीकडे थांबायचं. नळी बोटांनी क्षणभर चिमटून सोडा. वेग वाढून मग पडायला लागला तर मिश्रण जाड आहे, सुरक्षित आहे. चिमटताच पडला तर पातळ आहे, नीडल लगेच उघडा. सर्वाधिक वेग सापडला की तिथून ३००-४०० फेऱ्यांनी खाली येईपर्यंत नीडल उघडून ठेवा. हवेत नाक वर केल्यावर टाकीची पातळी बदलते आणि ही राखीव जागा तेव्हा कामाला येते.

मोजणं

कानाने सूर कळतो, आकडा कळत नाही. प्रकाशावर चालणारा छोटा टॅकोमीटर घ्या. तो बरोबर दाखवतो का, हे घरातल्या जुन्या चोकच्या ट्यूबलाइटखाली तपासता येतं. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून असा दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. दोन पात्यांच्या सेटिंगवर मीटरने नेमके ३,००० दाखवले पाहिजेत. इलेक्ट्रॉनिक चोक किंवा एलईडीखाली ही परीक्षा होत नाही. मीटरही प्रॉपेलरच्या मागूनच धरायचा.

तुलना करायची तर प्रॉपेलर एकच ठेवा. तोच दहा-सहाचा, त्याच कंपनीचा. दहा-सहा म्हणजे दहा इंच व्यास आणि सहा इंच पिच. दोन कंपन्यांचे दहा-सहा कधीच सारखे नसतात. एका वेळी एकच गोष्ट बदला: प्लग, इंधन किंवा नीडल. वहीत तारीख, जागा, तापमान, प्रॉपेलर, प्लग, नीडलचे फेरे आणि वेग लिहा. जागा लिहायचं कारण आहे. मुंबईपेक्षा पुण्याची उंची साडेपाचशे मीटरने जास्त, तिथे हवा सुमारे पाच टक्क्यांनी विरळ; महाबळेश्वरला साडेतेराशे मीटरवर ती बारा टक्क्यांनी विरळ होते. मुंबईला नीट लावलेलं इंजिन पुण्यात जाड मिश्रणावर चालतं आणि नीडल किंचित आत घ्यावी लागते. उलट प्रवास मात्र धोक्याचा: पुण्यात लावलेली नीडल मुंबईत तशीच ठेवली की मिश्रण पातळ पडतं.

ओढ मोजायची असेल तर वेगळा स्टँड करा, रुळवायच्या स्टँडलाच चाकं लावू नका. सरकती बैठक थरथरते आणि नव्या इंजिनाला ते नको. ड्रॉवरला लावतात तसे छर्ऱ्यांचे टेलिस्कोपिक चॅनल हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. दोन चॅनलवर इंजिनाची पाटी बसवा, मागून ती सामान मोजायच्या डिजिटल काट्याला तारेने बांधा आणि काट्याचं दुसरं टोक तळपट्टीला जखडा. चॅनल अगदी समांतर आणि स्पिरिट लेव्हल लावून आडवे हवेत, नाही तर पाटीचं वजनच काट्यावर दिसेल. पुढच्या बाजूला लाकडी अडथळा बोल्टने पक्का बसवा, म्हणजे तार तुटली तरी पाटी सेंटिमीटरभरच पुढे जाईल. पूर्ण वेगावर आकडा नाचतो. दहा सेकंद बघून मधला धरा. अकरा-पाच आणि दहा-सहा हे दोन प्रॉपेलर आळीपाळीने लावून बघा. बहुतेक वेळा कमी पिचचा मोठा प्रॉपेलर जागेवर जास्त ओढतो, म्हणून सावकाश उडणाऱ्या ट्रेनरला तो सोयीचा. वेगाच्या विमानाला मात्र जागेवरच्या या आकड्यावरून प्रॉपेलर निवडू नका, कारण विमानाने वेग घेतल्यावर गणित बदलतं.

दिवसाची शेवटची चाल नळी काढून संपवा, म्हणजे उरलेलं इंधन जळून जातं. टाकी रिकामी करा. मिथेनॉलने शोषलेलं पाणी आणि नायट्रोमिथेन जळून उरणारी आम्लं बेअरिंगं गंजवतात, आणि आपल्या हवेत त्याला आठवडाही लागत नाही. प्लग काढून आत आणि कार्बोरेटरच्या तोंडात शिलाई मशीनच्या तेलाचे चार-पाच थेंब टाका, प्रॉपेलर दहा-बारा वेळा फिरवा, प्लग लावून एक्झॉस्ट आणि कार्बोरेटर फडक्याने झाका. बाहेरचं एरंडेल गरम असतानाच पुसलं तर निघतं. सुकून तपकिरी झालं की खरवडायची वेळ येते. त्यासाठी कॉस्टिक सोडा किंवा नाली साफ करायची पावडर वापरू नका, ॲल्युमिनियम त्यात काळं पडून खाल्लं जातं. स्टँडवरून इंजिन उतरवलंत तर पुढच्या वेळी काच आणि हाताची परीक्षा पुन्हा घ्या, कारण पावसाळ्यात सागवानही थोडं हलतं.